मनातले मांडे

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)

 

मंडळाने मला 'वाचनाचे फायदे' हा विषय दिला होता. चिटणीसांना विनंती करून मी तो थोडासा वळवून घेतला. वाचनाचे फायदे आपण सर्वांनी शाळेतल्या निबंधात लिहिलेले आहेत, आणि ते लिहिताना आपल्यापैकी बहुतेक जण काहीच वाचत नव्हते. मला आज बोलावयाचे आहे ते एका वेगळ्या घटकेविषयी. वाचता वाचता पुस्तक मांडीवर उपडे पडते, दृष्टी खिडकीबाहेर जाते आणि माणूस बसल्या जागेवरून हजार कोस दूर निघून जातो, त्या घटकेविषयी.

आपल्या वडीलधाऱ्यांनी या अवस्थेला एकही चांगले नाव दिलेले नाही. कोणी तिला मनोराज्य म्हणतात, कोणी शेखचिल्लीचा उद्योग. माझी आई म्हणत असे, "पोरगी पुन्हा मनातले मांडे खात बसली." आता मांडा हा पदार्थ येथील तरुण मुलींना ठाऊक नसेल. सैलसर भिजवलेली कणीक हातावर फिरवीत फिरवीत कागदाइतकी पातळ करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. हे काम शंभर बायकांत एखादीलाच साधते. मला नेहमी वाटते की ज्या बाईने हा प्रकार प्रथम शोधून काढला, तिने तो खापरावर टाकण्यापूर्वी कितीतरी वेळा मनातच केला असला पाहिजे. मनातला मांडा खाल्ल्यावाचून ताटातला मांडा झालाच नसता. तेव्हा या म्हणीचा थोडा फेरविचार करावा, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्यासाठी मी काही माणसांच्या हकिकती आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिले अव्राहम मापू. तेल अवीवला समुद्राजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आपल्यापैकी अनेकांनी तेथे गाडी लावायला जागा न मिळाल्यामुळे त्यांचे नाव घेतले असेल. हे मापू १८०८ साली लिथुआनियातील कोव्नो शहराच्या एका गरीब उपनगरात जन्मास आले. मुलांना शिकवून पोट भरावे, असे त्यांचे मास्तराचे आयुष्य. त्यांच्यापाशी प्रवासाला पैसा नव्हता, आणि ज्या देशाचा ध्यास त्यांना लागला होता त्या देशाचे वर्णन करणारी माणसेही भोवती नव्हती. होता तो तनाख. त्या एका ग्रंथाच्या आधारावर वर्षानुवर्षे खपून त्यांनी एक कथा लिहिली आणि १८५३ साली विल्ना येथे ती छापून निघाली. 'अहावत त्सियोन', म्हणजे सियोनची प्रीती. हिब्रू भाषेतील ही पहिली कादंबरी. काळ हिज्कियाहू राजाचा आणि यशया नबीचा; स्थळ येरुशलाईम आणि बेथलेहेमची कुरणे; विषय अम्नोन आणि तामार या दोघांचे प्रेम. खिडकीबाहेर बर्फ पडत असताना या गृहस्थाने द्राक्षांचे मळे, मेंढरांचे कळप आणि उन्हाने तापलेल्या टेकड्या लिहिल्या. त्यांनी स्वतः या भूमीवर कधीही पाऊल ठेवले नाही. १८६७ साली ते तिकडेच वारले. पण पूर्व युरोपातील येशिव्यांमधून तरुण मुले गेमाराच्या पानांखाली लपवून ते पुस्तक वाचीत, आणि पुढे येथे येऊन दगड उचलणाऱ्या पिढीच्या मनात मापूंचे बेथलेहेम आधीच वसलेले होते.

मी ही कादंबरी हिब्रू बऱ्यापैकी येऊ लागल्यावर, म्हणजे वयाच्या चाळिशीनंतर, वाचली. भाषा फार जुनी आहे, मला शब्दकोश घेऊन बसावे लागले. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. तनाखमध्ये सांगितलेले किती थोडे असते! रूथ शेतात सरवा वेचावयास गेली, हे समजते. तिने डोक्यावर पदर घेतला होता की फडके बांधले होते, शेताला वास कसला येत होता, बांधावर कोण बसले होते, हे काही सांगितलेले नाही. पुस्तक तेवढी जागा मोकळी सोडते, आणि वाचणाऱ्याला ती भरावी लागते. कशाने भरणार? स्वतःपाशी जे आहे त्यानेच. दूरच्या देशाचे चित्र जवळच्या रंगांनी रंगवावे लागते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे माणसाच्या हातून काही नवे घडते ते याच ठिकाणी.

माझा नातू मला फोनवर जगातील शहरे दाखवितो. कालच त्याने मला पॅरिस दाखविले. इमारती, पूल, रस्त्यावरचे उपाहारगृह, त्यातील खुर्चीचा रंग, सर्व काही दिसले. मी "छान" म्हटले. आज सकाळी मला त्यातील एकही गोष्ट आठवेना. मी फोनची निंदा करीत नाही. माझी नातवंडे माझ्याशी बोलतात ती त्याच्यामुळेच. पण तेथे मला करण्यासारखे काही शिल्लक ठेवलेले नव्हते.

पॅरिसचा विषय निघालाच आहे म्हणून आमच्या निवृत्त मंडळींसाठी हेन्री रूसो या गृहस्थाचे नाव सांगते. हा पॅरिसच्या जकात नाक्यावरचा कारकून. रविवारी फावल्या वेळात चित्रे काढी. १८९१ साली त्याने वादळात सापडलेल्या वाघाचे चित्र काढले, त्यानंतर त्याची जंगले प्रसिद्ध झाली. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चित्रे काढू लागला. आपण मेक्सिकोच्या अरण्यात जाऊन आलो असे तो लोकांना सांगे म्हणतात; वास्तविक तो फ्रान्सबाहेर कधी गेलाच नाही. तो जात असे शहरातल्या वनस्पती उद्यानात, तेथील काचघरांत आणि प्राण्यांच्या पिंजऱ्यांपुढे. त्याच्या अरण्यातील पाने नीट पाहिली तर ती कुंडीतल्या झाडांची पाने वाटतात, फक्त माणसापेक्षा उंच. लोक त्याला हसले. आज ती चित्रे पाहण्यासाठी लोक समुद्र ओलांडून जातात.

आता आपल्या घरात येऊ. १८७४ साली पुण्यात एक हग्गादा छापली गेली. हिब्रू मजकूर आणि त्याचे मराठी भाषांतर अशी ती आहे. तिची पाने अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असतील. तीत पेसाहची बेखमीर भाकर करण्याचे चित्र आहे, आणि त्या चित्रातील बायका साड्या नेसलेल्या आहेत. युरोपातील छापील हग्गादांची चित्रे आमच्या लोकांपुढे होती, हुबेहूब उतरवून काढता आली असती. पण चित्र काढणाऱ्याने पीठ मळणारी बाई काढावयाची म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर आपल्याच ओसरीवरची बाई उभी राहिली. मिसर देशातून निघालेल्या आपल्या पूर्वजांची आठवण, शेकडो कोसांवरच्या वाळवंटातील, आणि तिला पदर कोकणाचा. मला त्यात अडाणीपणा मुळीच दिसत नाही. उलट ते चित्र पाहताना मला वाटते की या माणसाने ती कथा खरोखर वाचली होती.

आपल्या कीर्तनांचेही तसेच. १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी कीर्तनाची रीत उचलली आणि तीत अव्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावली. साकी, दिंडी, आर्या, सगळा थाट महाराष्ट्राचा. मी लहानपणी योसेफाचे आख्यान ऐकले तेव्हा त्याला भावांनी ज्या विहिरीत टाकले, ती विहीर मला आमच्या आजोळच्या वाडीतली दिसली. बाजूला रहाट, काठावर शेवाळ, आत कासव. आजही दिसते. नेगेवमधील कोरड्या खड्ड्यांपाशी मी उभी राहिले आहे, मार्गदर्शकाने समजावूनही सांगितले आहे. परंतु योसेफ काही तेथून निघायला तयार नाही. तो रेवदंड्यालाच आहे.

माझे स्वतःचे बालपण माझगावात गेले. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसे. गोदीतल्या बोटींचे भोंगे रात्री ऐकू येत. त्या भोंग्यांनी माझे जितके नुकसान केले तितके कोणत्याही कादंबरीने केले नाही, असे आई म्हणे. शाळेच्या ग्रंथालयातून भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची पुस्तके मिळत. 'चंद्रावर स्वारी' मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचली, कारण घरात दिवा वडील भावाच्या अभ्यासासाठी राखलेला होता. पुढे इंग्रजी आल्यावर 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' मिळाली. १८७३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. तीत एक इंग्रज गृहस्थ मुंबईत उतरतो, त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात जोड्यांसह शिरतो आणि तेथील पुजारी त्याला बदडतात. पुढे रेल्वेचा मार्ग अर्धवट असल्यामुळे ते हत्ती विकत घेतात. खरे म्हणजे मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारी रेल्वे १८७० सालीच पुरी झाली होती. पण रेल्वे पुरी झाली असती तर हत्ती कोठून आला असता? व्हर्नने मुंबई पाहिलेली नव्हती. मला त्या वयात त्याचा राग आला आणि हेवाही वाटला. माझ्या घरापासून दोन-तीन कोसांवरची टेकडी एका फ्रेंच माणसाने घरी बसून लिहून टाकली, आणि मी तेथे राहून एक ओळ लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी मी वहीच्या मागच्या पानावर पॅरिसचे वर्णन लिहिले. माझ्या पॅरिसमध्ये घोड्याची ट्रॅम होती आणि भेळ मिळत होती.

शब्बाथच्या दिवशी सिनेगॉगमध्ये हेखाल पश्चिमेकडे असे. कोकणात काय, मुंबईत काय, येरुशलाईम पश्चिमेला. रेवदंडा-अलिबागच्या बाजूला पश्चिमेला समुद्र, म्हणजे येरुशलाईमकडे तोंड करावयाचे तर समुद्राकडे तोंड करावे लागे. सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, ती त्याच बाजूने आली. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी ती ओट्यावर बसून पाण्याकडे पाहत असे आणि विचारले तर म्हणे, "काय नाय ग, जाऊन आले." कोठे, ते आम्हाला ठाऊक असे. तिच्या तोंडी किती गाणी होती याचा हिशेब नाही. एलियाहू हानाबीची होती, मोशेची होती, लग्नात हळदीला म्हणावयाची होती. त्यांतील काही तिने स्वतः जुळविलेली होती. जी बाई अलिबागच्या पलीकडे दोनदाच गेली, तिच्या गाण्यांत तांबडा समुद्र दुभंगत होता.

गोष्ट अशी की पश्चिमेकडे पाहत आम्ही जे रचीत होतो, तेच पूर्वेकडे पाहत दुसऱ्या टोकाला कोणीतरी रचीत होते. रब्बी यहूदा हालेवी स्पेनमध्ये राहत. पेशाने वैद्य, माझ्या क्षेत्रातले, म्हणून त्यांच्याविषयी मला जास्त आपुलकी. त्यांची सियोनगीते तिशा बेआवला आजही म्हटली जातात. आयुष्यभर त्यांनी या भूमीच्या वियोगाच्या कविता केल्या आणि उतारवयात, ११४० साली, घरदार, रोगी, मित्र सोडून ते अलेक्झांड्रियाला आले. कैरोच्या गेनिझात सापडलेल्या पत्रांवरून त्यांच्या मिसरमधील महिन्यांची बरीच हकिकत आता समजते. मित्रांनी त्यांना तेथेच ठेवून घेण्याची पराकाष्ठा केली. ११४१च्या वसंतात ते पुन्हा जहाजावर चढले आणि त्याच उन्हाळ्यात वारले. येरुशलाईमच्या वेशीपाशी घोड्याच्या टापांखाली ते मारले गेले, ही दंतकथा. त्यांनी समुद्रावर केलेल्या कविता फार प्रभावी आहेत: वादळ, डोलकाठी, मरणाचे भय. अभ्यासकांमध्ये एक वाद आहे की त्यांतील काही कविता त्यांनी जहाजावर पाय ठेवण्यापूर्वीच, स्पेनमध्ये घरी बसून लिहिल्या. मला हे ऐकून नवल वाटले नाही. ज्याने मनात इतक्यांदा वादळ सोसले, त्यालाच खरे जहाज गाठण्याचा धीर झाला असेल.

पण हालेवींचे एक बरे झाले, असे कधी कधी माझ्या मनात येते. त्यांना येथे येऊन राहावे लागले नाही. आपण राहिलो. आजीच्या गाण्यातील येरुशलाईममध्ये कुपत होलीमची रांग नव्हती. आम्ही आलो तेव्हा आम्हाला दक्षिणेत एका नव्या वसाहतीत घर मिळाले. चार मजली ठोकळे, खिडकीतून धूळ, नळाला पाणी ठरल्या वेळी, आणि शेजारी कोणती भाषा बोलतात हे समजायला आठवडा लागला. माझे यजमान पहिल्या महिन्यात एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत, "हे ते नव्हे." ज्यांनी ही वर्षे काढली त्यांना अधिक सांगणे नको. स्वप्न पुरे झाले म्हणजे माणसाच्या हाती काय उरते, हा प्रश्न आपल्या पिढीने जितका भोगला तितका फार थोड्यांनी भोगला असेल.

उरते ते असे की स्वप्नाचे तोंड फिरते. आता मी अश्दोदला राहते. संध्याकाळी किनाऱ्यावर गेले की समुद्र पश्चिमेलाच आहे, येरुशलाईम मात्र पाठीशी, पूर्वेला. तेफिल्ला करताना समुद्राकडे पाठ करावी लागते. आणि मी बाकावर बसून पाण्याकडे पाहते तेव्हा मनाला दिसतो तो भाऊचा धक्का, रेवसची लाँच, अलिबागेस जाणारी एस.टी. आणि नारळीच्या वाड्या. आपल्यातील कितीतरी जण गेल्या वीस-तीस वर्षांत लिहिते झाले, गाते झाले, मराठी नाटके बसवू लागले. मुंबईत असताना यांच्यापैकी कोणी लिहीत नव्हते. तेथे कोकण समोर होते, लिहिण्याची गरज नव्हती.

येथे कोणी म्हणेल की बाई, ही नुसती हळहळ आहे, तिला सर्जन का म्हणता? प्रश्न योग्य आहे. मी चाळीस वर्षे रुग्णसेवा केली आहे. मनोराज्यात गेलेला आणि परत न आलेला माणूस मी पाहिला आहे. खरे जेवण समोर असताना ज्याला ते दिसत नाही, त्याच्या स्वप्नाला मी औषध म्हणणार नाही. फरक मला पडला तो असा दिसला की एक जण जाऊन येताना काही घेऊन येतो आणि दुसरा रिकाम्या हाताने येतो किंवा येतच नाही.

घेऊन येणारा एक मला शिकाऊ असताना भेटला. मुंबईतील एका इस्पितळाच्या अस्थिविभागात एक गिरणी कामगार होता. मांडीचे हाड मोडलेले. त्या काळी पायाला वजन टांगून रोग्याला दोन-अडीच महिने उताणा ठेवीत. छताशिवाय काही दिसावयाचे नाही. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस माझ्याकडे एके दिवशी नकाशाचे पुस्तक मागू लागला. मी माझ्या धाकट्या भावाचे शाळेतले जुने नकाशांचे पुस्तक नेऊन दिले. मग त्याने टाकून दिलेल्या तापाच्या तक्त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बोटीचा मार्ग आखला: मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, मार्सेय. आणि प्रत्येक बंदरावरून तो आपल्या मुलाला पत्र लिहू लागला. एडनला पाणी महाग आहे, सुएझला कालव्याच्या दोन्ही काठांवरून माणसे हात करतात, बोटीचा खलाशी रत्नागिरीचा आहे आणि तो फार घोरतो. घोरणारा खलाशी म्हणजे शेजारच्या खाटेवरचा पेशंट, हे आम्ही सर्वांनी ओळखले. त्यानेही ओळखले, आणि आपल्याला बढती द्यावी असा अर्ज केला. त्याला तांडेल करण्यात आले. संध्याकाळच्या फेरीनंतर सारा वॉर्ड पत्राची वाट पाही. बरा होऊन जाताना त्याने ती बाडे फडक्यात बांधून नेली.

पुष्कळ वर्षांनी मला झाविए द मेस्त्र या लेखकाचे पुस्तक समजले. हा सैनिकी अधिकारी द्वंद्व खेळल्याबद्दल तुरीन शहरात बेचाळीस दिवस आपल्याच खोलीत अडकून पडला, आणि तेवढ्यात त्याने आपल्या खोलीचे प्रवासवर्णन लिहिले. पलंगापासून खुर्चीपर्यंतचा प्रवास, खुर्चीपासून भिंतीवरच्या चित्रापर्यंतचा. १७९४ साली ते छापले गेले आणि आजही वाचले जाते. आमच्या गिरणी कामगाराने ते वाचलेले नव्हते, हे सांगायला नकोच.

परिचारिकेच्या धंद्यात सर्जनशीलता कसली, असे मला एका समारंभात विचारले गेले होते. औषध ठरलेले, वेळ ठरलेली, नोंदवही ठरलेली. सर्व खरे. पण जो रोगी बोलत नाही त्याला काय दुखते, हे कोठल्या नोंदवहीत लिहिलेले असते? न पाहिलेल्या गावाची कल्पना करण्याची ज्याला सवय आहे, त्याला शेजारच्या खाटेवरून जग कसे दिसते याची कल्पना करणे जड जात नाही. मी स्वतः नव्या मुलींना शिकविताना त्यांना आधी रिकाम्या खाटेवर निजवीत असे. पाच मिनिटे छत पाहा म्हणे. मग पाण्याचा पेला कोठे ठेवावा ते सांगावे लागत नसे.

निवृत्तीच्या आधीची शेवटची काही वर्षे मी एका वृद्धाश्रमात काम केले. तेथे आपल्या समाजातील एक आजी होत्या. त्यांची स्मृती गेली होती. हिब्रू आधी गेली, मग मुलांची नावे गेली, मराठी राहिली. रोज दुपारी चारच्या सुमारास त्या पिशवी घेऊन दारापाशी येऊन बसत. रेवसची लाँच सुटायची आहे म्हणत. तेथील तरुण सेविका प्रेमळ होत्या, पण त्यांना वाटे की चूक दुरुस्त केली पाहिजे: "सावता, येथे लाँच नाही, हे इस्राएल आहे." आजी रडत. मी त्यांच्या शेजारी बसून तिकिटे काढली आहेत म्हणून सांगू लागले. मग त्या शांत होत, आणि लाँच चालू झाली की गाऊ लागत. ती गाणी मी कधी ऐकलेली नव्हती. हळदीची, मुलीला सासरी पाठविण्याची, एक तर पेसाहच्या आधी घर सारवताना म्हणावयाचे. मी आपल्या गायिका भगिनींकडे चौकशी केली. कोणाच्या वहीत ती नव्हती. पहिल्या दिवसापासून मी गणवेशाच्या खिशात कागद ठेवू लागले. चौदा गाणी उतरवून झाली. पंधराव्याचे धृवपद आणि एक कडवे मिळाले, आणि मग आजी गेल्या.

ती पंधरावी अपुरी आहे, त्यामुळे मी लिहू लागले. आधी ते गाणे पुरे करावे म्हणून बसले, पण ते जमेना. ते त्यांचे होते. मग योना नबीचे आख्यान घेतले. योना याफोहून तार्शीशला जाणाऱ्या जहाजावर चढला. याफो आपल्यापासून जवळ. तार्शीश कोठे, यावर पंडितांचे एकमत नाही, ते माझ्या सोयीचेच झाले. जहाज लिहावयास घेतले तेव्हा माझ्याकडे हिब्रू शब्द होते आणि ते सर्व मला कोरडे लागले. आजीचे शब्द आणले: गलबत, शीड, सुकाणू, तांडेल, नांगर. शब्द आल्याबरोबर वारा सुटला. मी स्वतः गलबतावर कधी बसलेले नाही. मोठ्या माशाविषयी आमच्या घरी पुष्कळ वाद झाला. धाकट्या सुनेचे म्हणणे, त्याला खवले होते की नव्हते हे आधी ठरवा, कारण खवले नसतील तर नबी इतके दिवस कशाच्या पोटात होते हे सांगणे अवघड जाईल. मी त्या ओवीत माशाचे पोट आमच्या माझगावच्या खोलीसारखे केले आहे: अंधार, गर्दी आणि दुरून ऐकू येणारा भोंगा. आपल्या महिला मंडळाने ते गेल्या वर्षी गायिले. गाताना एका बाईंनी माझा एक शब्द बदलून टाकला, आणि तो बदललेला चांगला आहे.

आता ज्यासाठी मी खरोखर उभी आहे ते सांगते. गेल्या पेसाहनंतर आपल्या तीन घरांतील वडील माणसे गेली. घरे रिकामी करताना मुलांनी मराठी पुस्तके आणि हस्तलिखित वह्या कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी ठेवल्या. मुलांना दोष देता येत नाही. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने त्या वह्यांत किराण्याचा हिशेब आहे की सत्तर वर्षांपूर्वीचे गाणे आहे, हे कळण्याचा मार्ग नाही. एका वहीत दोन्ही होते. पानाच्या वर नारळाचा भाव, खाली मोशेची माता.

माझी एक नात आठ वर्षांची आहे. तिला मराठी ऐकलेले समजते, वाचता येत नाही. मी तिला नवगावची गोष्ट सांगितली आणि चित्र काढायला सांगितले. तिने फुटलेले गलबत काढले, सात जोडपी काढली, किनाऱ्यावर निवडुंगाचे कुंपण काढले, दोन उंट आणि एक वाहतूक दिवा. मी नारळाची झाडे काढायला सांगितली तर म्हणाली, "ती कशी असतात?" मग मी तिला सांगितले: खजुरासारखी, पण वाकडी, समुद्राकडे झुकलेली, कोणीतरी हाक मारल्यासारखी. तिने ती अशी काढली की सर्व झाडांना कान आहेत. चित्र सिनेगॉगच्या ग्रंथालयात लावले आहे, जाता जाता पाहावे. उंटांबद्दल मी काही बोललेले नाही.

तर व्यवस्था अशी ठरली आहे. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा मी आणि आणखी दोघी भगिनी ग्रंथालयात बसणार आहोत. घरात जी वही असेल ती आणावी; फाटकी असली, हिशेबाची वाटली तरी आणावी. आम्ही ती मोठ्याने वाचून दाखवू, ध्वनिमुद्रण करू आणि वही त्याच दिवशी परत देऊ. ज्यांच्याकडे वही नाही आणि फक्त आठवते, त्यांनीही यावे. कागद आम्ही ठेवू. नातवंडांना सुट्टी असेल तर सोबत आणावे, रंगपेट्या आहेत. पंधराव्या गाण्याचे धृवपद मी चहाच्या वेळी म्हणून दाखवीन. कोणाला पुढचे कडवे येत असेल तर मला येथेच, आजच सांगावे.